'अन्क-५२': नाव आधी पडलं, अर्थ नंतर कळला

कुळागरातली ओलसर माती मलमलच्या कापडात बांधून चाळणीत ठेवायची, तळ जेमतेम पाण्याला टेकवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी भांड्याच्या तळाशी सूत्रकृमी उतरलेले असतात. फोंड्यात पदवीच्या मुलांना मी हे दरवर्षी दाखवतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे आरपार दिसणारे जीव नागमोडी वळवळतात. एखादा मात्र ताठ पडलेला असतो, नुसतं डोकं हलवत. "सर, याच्या नसा गेल्या?" हा प्रश्न ठरलेला.

संशोधकांची सुरुवातही नसांपासूनच झाली. सिडनी ब्रेनर यांना मज्जासंस्थेची घडण समजून घ्यायची होती, म्हणून केंब्रिजमध्ये त्यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमी निवडला. १९७४ च्या शोधनिबंधात त्यांनी सुमारे शंभर जनुकं नोंदवली. त्यांतल्या ७७ जनुकांत बिघाड झाला की कृमीची चाल बिघडायची. ताळमेळ सुटलेला तो 'अनकोऑर्डिनेटेड', म्हणून जनुकाचं नाव 'अन्क' आणि पुढे क्रमांक. नाव दिसण्यावरून पडलं होतं, कारणावरून नव्हे.

'अन्क-५२' त्यातलंच. ते बिघडलेला कृमी लहानपणी बरा चालतो आणि वाढता वाढता डोक्यामागचं सगळं अंग लुळं पडतं. त्याच्या स्नायूंत तंतू असतात, पण आकुंचनाचा ताण बसला की ते पेशीलगतच्या आधारपटलापासून, म्हणजे पेशींबाहेरच्या पातळ पडद्यापासून, सुटतात. १९९३ मध्ये कळलं, की हे जनुक परलेकन बनवतं. हे अवाढव्य प्रथिन पेशीच्या आत नसतंच, ते बाहेर त्या पटलात असतं.

तोवर इतर प्राण्यांवरच्या कामातून दुसरी बाजू उभी राहिली होती. १९७९ मध्ये उंदराच्या गाठीतून लॅमिनिन हे पटलातलं प्रथिन मिळालं, १९८६ मध्ये इंटेग्रिनला नाव मिळालं. इंटेग्रिन पेशीच्या आवरणातून आरपार जातं; आतून तंतूंना धरतं, बाहेरून पटलाला. पटलातलंच आणखी एक प्रथिन, चौथ्या प्रकारचं कोलॅजेन, तर स्नायूपेशी स्वतःच बाहेर सोडतात. चिऱ्यांनी आपला चुना आपणच पाझरावा, तसं हे आहे, आणि मला ते दरवेळी थक्क करतं.

कृमीत 'एम्ब-९' आणि 'लेट-२' ही जनुकं हेच कोलॅजेन बनवतात. 'लेट' म्हणजे लीथल, प्राणघातक. तेही लक्षणावरूनच पडलेलं नाव.

ही पकड गर्भात किती मोलाची आहे, ते १९९४ मध्ये स्पष्ट झालं. निरोगी गर्भ कवचात दुमडत दुमडत कवचाच्या तिपटीपर्यंत लांब होतो आणि साधारण चौदा तासांत बाहेर पडतो. इंटेग्रिन किंवा परलेकन अजिबातच नसेल, तर स्नायूंची मांडणीच होत नाही, अंग हलत नाही आणि लांबी दुपटीवर अडते. अशा गर्भांवरून 'पॅट' जनुकांना नाव मिळालं: पॅरलाइज्ड, अरेस्टेड ॲट टू-फोल्ड. फळ्यावर मी कवच काढतो, आत एकच घडी घातलेला, निश्चल कृमी काढतो, आणि मग नसांच्या प्रश्नाकडे वळतो.