खायचा सोडा पिऊन युरिक ॲसिड धुऊन निघतं का?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: रोज सकाळी पाण्यात खायचा सोडा घालून प्या, रक्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतं आणि गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात धरून होणारी सांधेदुखी, मुळापासून जातो.

ऐकायला पटतं, ॲसिडवर सोडा. पण रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, फुफ्फुसं आणि किडन्या तो सांभाळतात, चमचाभर सोड्याने तो हलत नाही. बदलतो तो लघवीचा पीएच. केमिस्टकडून लघवीचा पीएच बघायची पट्टी आणून बघा, रंग बदललेला दिसेल, आणि तिथेच गैरसमज होतो, कारण त्या पट्टीवरून रक्ताचं काहीच कळत नाही.

त्यासाठी रक्ताची युरिक ॲसिड टेस्टच करायची. साधारण ६.८ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेलं की सांध्यात खडे धरू शकतात. आणि ऐन दुखण्यात रिपोर्ट कधी कधी नॉर्मलही येतो, म्हणून दुखणं गेल्यावर २-३ आठवड्यांनी परत करा.

बहुतेक युरिक ॲसिड शरीरातच तयार होतं, किडनीने नीट बाहेर टाकलं नाही की साठतं. बिअर, कलेजी, तारली, गोड कोल्ड्रिंक कमी केल्याने थोडा फरक पडतो (वरणभात बिचारा उगाच बदनाम आहे). सोड्यात मात्र सोडियम भरपूर, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.