विमानतळ-केंद्रित प्रादेशिक विकास (मुंबई)

विमानतळाच्या आधाराने आसपासच्या प्रदेशात उद्योग, गोदामे, हॉटेले, दुरुस्तीचे कारखाने, कार्यालये आणि वस्ती उभी राहून तेथील अर्थव्यवहाराचे स्वरूप पालटते, या प्रक्रियेला विमानतळ-केंद्रित विकास म्हणतात. आयर्लंडमधील शॅनन हे याचे जुने उदाहरण होय. लांब पल्ल्याच्या विमानांना तेथे इंधनासाठी उतरण्याची गरज उरेना, तेव्हा विमानतळ ओस पडू नये म्हणून १९५९ मध्ये त्याला लागून करमुक्त औद्योगिक क्षेत्र स्थापन करण्यात आले. पुढे अमेरिकन अभ्यासक जॉन कसार्डा यांनी ‘एरोट्रोपोलिस’, म्हणजे विमानतळ केंद्रस्थानी असलेले नगर, ही संज्ञा रूढ केली. मुंबईत या प्रक्रियेची दोन रूपे आढळतात : अंधेरी-कुर्ल्याच्या बाजूला ती आराखड्याविना, गरजेतून घडली, तर पनवेल-उलव्याच्या बाजूला आराखडा आधी आला आणि विमान नंतर उतरले.

मुंबईतील नागरी विमानवाहतुकीची सुरुवात जुहूच्या धावपट्टीवर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक सांताक्रूझला हलली आणि १९८१ मध्ये सहार येथे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (नावात सांताक्रूझ असले, तरी ते अंधेरी पूर्वेला आहे) यांना विमानतळाच्या सान्निध्याचा मोठा लाभ झाला. सीप्झची सुरुवात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीने झाली; पुढे तेथे हिरेजडित दागिन्यांचा उद्योग वाढला. वजनाने हलका आणि किमतीने भारी माल विमानानेच पाठवणे परवडते, हे त्यामागचे साधे कारण आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० मध्ये सुरू झालेल्या हिरेबाजारालाही हेच लागू पडते.

नाशवंत मालाचे गणित वेगळे असते, कारण तेथे किमतीपेक्षा वेळ मोलाची ठरते. अमेरिकेला जाणारा हापूस हे त्याचे चांगले उदाहरण आहे. २००७ मध्ये ही निर्यात पुन्हा सुरू झाली. रत्नागिरी-देवगडहून आलेला आंबा वाशीला निवडला जातो, गरम पाण्यातून काढला जातो, कीड नष्ट करण्यासाठी किरणांचा मारा करणाऱ्या विकिरण केंद्रातून जातो आणि मोहोरबंद खोक्यांत सहारच्या कार्गो संकुलात पोहोचतो. तेथे कस्टम एजंट कागदपत्रे पुरी करतो, लोडर खोकी रचतात आणि बहुतेक वेळा प्रवासी विमानाच्याच पोटातील जागेतून ती रवाना होतात. या साखळीत एखादा दिवस वाया गेला, तरी बागायतदाराच्या हाती पडणारा भाव घटतो. म्हणूनच विमानतळाचे प्रादेशिक मोल केवळ प्रवासीसंख्येने मोजणे अपुरे आहे. शीतगृहांची क्षमता आणि कस्टमच्या कामाचा वेग हीदेखील तितकीच महत्त्वाची मापे आहेत.

मुंबई विमानतळाला जागेची मर्यादा फार पूर्वीच जाणवू लागली. ३,४४८ आणि २,८७१ मीटर लांबीच्या त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक करता येत नाही. २०१४ मध्ये नवे टर्मिनल आले, तरी ही अडचण सुटली नाही. विमानतळाचा भार शेजाऱ्यांवरही पडतो. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला येथील ‘फनेल झोन’मध्ये, म्हणजे विमानांच्या चढउताराच्या मार्गाखाली, इमारतींच्या उंचीवर बंधन असते. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात वाढीव मजले मिळाले नाहीत, तर विकासकाला विकण्याजोग्या सदनिका उरत नाहीत आणि रहिवासी गळक्या, टेकू दिलेल्या घरांतच राहतात. विमानतळामुळे जमीन महागते हे खरे असले, तरी त्याच जमिनीवर बांधता न येणे हाही विमानतळाचाच परिणाम आहे, आणि त्याची नोंद अशा चर्चांत फार कमी वेळा घेतली जाते.

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाची आखणी या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर झाली. १,१६० हेक्टर क्षेत्र आणि दोन समांतर धावपट्ट्या असे त्याचे नियोजन आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापण्यात आली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि दहा गावांचे स्थलांतर झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, तर अंतिम क्षमता ९ कोटींची आहे. आसपासच्या गावांच्या नियोजनासाठी २०१३ मध्ये ‘नैना’ (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) हे क्षेत्र ठरवण्यात आले आणि सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, त्याचे नियोजन प्राधिकरण झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूने शिवडी आणि न्हावा-शेवा जोडले गेले, त्यामुळे न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर (जेएनपीटी), सेतू आणि विमानतळ हे तिन्ही एकाच पट्ट्यात आले आहेत.

येथील भूमिपुत्र मुख्यतः आगरी आणि कोळी आहेत. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे त्यांचे पूर्वापार व्यवसाय. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई परिसरात प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाच्या प्रश्नावर झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले. त्याच लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. विमानतळग्रस्तांसाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले आणि भूखंड पुष्पकनगर परिसरात देण्यात आले. नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, ही मागणी याच इतिहासातून आली आहे.

भूखंड एकदाच विकता येतो, नोकरी मात्र घराला वर्षानुवर्षे पोसते. विमानांची देखभाल-दुरुस्ती हा या दृष्टीने सर्वांत आश्वासक उद्योग आहे, कारण त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात आणि कौशल्य अनुभवाने वाढते. कालिना येथे एअर इंडियाच्या कार्यशाळांनी अशा तंत्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या. एप्रिल २०२० पासून या सेवांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी इंजिनांचे मोठे काम अजूनही बऱ्याच प्रमाणात परदेशी जाते. ते काम पनवेलच्या बाजूला आणायचे, तर परवानाधारक तंत्रज्ञ घडायला काही वर्षे लागतात. त्यामुळे उलवे, पारगाव, कोंबडभुजे येथील मुलामुलींचे प्रशिक्षण हँगर, म्हणजे विमाने ठेवण्या-दुरुस्तीची शेड, बांधण्याच्या आधीच सुरू व्हावे लागते.