मेकर

मूळ इंग्रजी शब्द. अर्थ करणारा, घडवणारा. मराठीत तो सुटा क्वचितच येतो. ‘फिल्ममेकर’सारख्या जोडशब्दांतच अधिक आढळतो. मुंबईच्या बँकांत मात्र तो स्वतंत्रपणे रुळला आहे.

प्राचीन इंग्रजीतील ‘मकिअन’ या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडतात. मध्ययुगात ‘कवी’ हाही एक अर्थ होता. स्कॉटलंडमध्ये तो ‘मकार’ या रूपाने टिकला असून २००४ पासून तेथील राष्ट्रकवीस हीच पदवी आहे (मराठी वर्णमालेतील मकाराशी तिचे नाते नाही). आद्याक्षर मोठे लिहिल्यास शब्द ईश्वरवाचक होतो.

मराठीत ‘करणारा’ हा अर्थ देण्याचे काम ‘कार’ प्रत्यय करतो. प्राकृतातून येताना त्यातला ‘क’ झिजला : कुंभकार–कुंभार, सुवर्णकार–सोनार, लोहकार–लोहार, चर्मकार–चांभार. ‘सुतार’ही याच ओळीत बसवण्याचा मोह होतो, पण तो ‘सूत्रधार’पासून आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गावावरून पडलेल्या आडनावांतील ‘कर’ हा याच ‘कार’चा भाऊबंद मानण्याकडे काहींचा कल आहे. तेथे अर्थ रहिवासाचा असल्याने तो वेगळा ठेवणे बरे. ‘कारागीर’ फारसीतून आलेला. मुंबईतील लोहार चाळ आज विजेच्या सामानाची बाजारपेठ आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात अजून चाक फिरते, आणि तेथील कुंभार मुख्यतः सौराष्ट्रातून आलेले आहेत.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) नुसार वचनचिठ्ठीवर सही करून पैसे देण्याचे बिनशर्त वचन देणारा तो मेकर. धनादेश किंवा हुंडीच्या मेकरला त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये ‘ड्रॉवर’ म्हटले आहे. म्हणजे येथे मेकर हा मुख्यतः देणेकरी. बँकेच्या काउंटरमागे अर्थ उतरतो : संगणकात नोंद टाकणारा मेकर, ती तपासून पास करणारा चेकर. एकाच माणसाने दोन्ही करायचे नाही, एवढाच या पद्धतीचा गाभा. मेकरची नोंद चेकरने मंजूर करेपर्यंत व्यवहार पुरा होत नाही.

नरीमन पॉइंटची मेकर चेंबर्स व कफ परेडचे मेकर टॉवर ही नावे आडनावावरून पडलेली आहेत.