मॉर्फीन सुरू केलं म्हणजे शेवट जवळ आला?

मॉर्फीन म्हणजे खूप दुखत असेल तेव्हा देतात ते औषध. त्याबद्दल फॅमिली ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय, "मॉर्फीनची गोळी सुरू झाली की पेशंट झोपेतच जातो, घेऊ देऊ नका." भीती वाटणं साहजिक आहे, कारण बऱ्याचदा ही गोळी आजार खूप वाढल्यावरच घरात येते, मग लोक दोन्ही गोष्टी जोडतात. पण तेच मॉर्फीन मोठ्या ऑपरेशननंतर, ॲक्सिडेंटमध्येही देतात आणि ती माणसं बरी होऊन घरी जातात.

साइड इफेक्ट आहेत, नाही कसे. सुरुवातीचे काही दिवस मळमळ, गुंगी, कधी खाज, हे बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. बद्धकोष्ठता मात्र जात नाही. माझ्या मावशीला आम्ही रोज रात्री इसबगोल देत होतो, पोट अजूनच फुगलं, कारण या औषधाने आतड्यांची हालचालच मंदावते, नुसता चोथा वाढवून काय होणार. डॉक्टरांनी वेगळं पातळ औषध दिलं तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. तुमच्या चिठ्ठीत पोट साफ व्हायचं औषध आहे का बघा, नसेल तर विचारा.

श्वास मंदावण्याचा धोका खरा आहे, पण तो मुख्यतः डोस एकदम वाढवला किंवा सोबत दारू, झोपेच्या गोळ्या घेतल्या तर. म्हणून वहीत गोळीची वेळ, दुखणं दहापैकी किती, झोप किती हे लिहा, दुखणं कमी होतंय की गुंगी वाढतेय, आठवड्यात तुम्हालाच दिसेल. हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल. आणि गोळी मनाने एकदम बंदही करू नका, त्रास होतो.