डायकॉन ॲनिमेशनपट

जपानमधील ओसाका येथे भरलेल्या दोन विज्ञानकथा संमेलनांच्या उद्‌घाटनासाठी हौशी स्वयंसेवकांनी तयार केलेले दोन लघुपट. 'डायकॉन ३' (१९८१) सुमारे पाच मिनिटांचा आहे आणि 'डायकॉन ४' (१९८३) सुमारे सात मिनिटांचा. उद्‌घाटनाला प्रेक्षकांसमोर दाखवायचे आणि मोकळे व्हायचे, एवढाच मूळ बेत होता. प्रत्यक्षात त्यातून आधी हौशी चित्रपट मंडळ, मग एक दुकान आणि शेवटी गायनॅक्स ही ॲनिमेशन कंपनी उभी राहिली. हौशी कामाने व्यावसायिक ॲनिमेशनला इतके मोठे वळण दिल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

जपानचे विज्ञानकथा संमेलन १९६२ पासून भरते. आपल्या साहित्य संमेलनासारखे तेही गाव बदलत फिरते आणि यजमानपद त्या त्या ठिकाणच्या रसिकांकडे जाते. ओसाकात भरणाऱ्या संमेलनाला डायकॉन म्हणतात. १९८१ चे विसावे संमेलन ओसाकाकडे आले, तेव्हा तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा हे त्याच्या तरुण आयोजकांपैकी होते. उद्‌घाटनाला काहीतरी वेगळे हवे म्हणून त्यांनी ओसाका कला विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांना गाठले : हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई. यामागांनी दिग्दर्शन केले. आकाईंनी पात्रे घडवली. यंत्रे, स्फोट आणि धूर यांची हालचाल आन्नोंनी रेखाटली. तिघांचीही वये विशीच्या आसपास होती आणि व्यावसायिक स्टुडिओचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता.

ओकादांच्या घरातील एका रिकाम्या खोलीत काम सुरू झाले. त्या काळी ॲनिमेशनसाठी सेल, म्हणजे पारदर्शक पत्रे, लागत. कागदावरील रेखाटन त्यावर उतरवायचे, मागून रंग भरायचे आणि मग एकेक पत्रा कॅमेऱ्याखाली ठेवून चित्रण करायचे. काही मिनिटांच्या चित्रपटालाही असे हजारो पत्रे लागतात आणि बाजारातले सेल या मंडळींना परवडणारे नव्हते. त्यांनी कारखान्यातून व्हायनिलचा गुंडाळा आणला आणि कापून त्याचेच सेल बनवले. पैसे वाचले, पण रंगवलेले पत्रे एकावर एक ठेवले की चिकटत आणि वाळलेल्या रेषांचा रंग पापुद्र्यासारखा सुटून येई. संमेलनाच्या इतर कामांसाठी आलेले स्वयंसेवकही रेषा उतरवायला आणि रंग भरायला बसले. चित्रण ८ मिमी फिल्मवर झाले.

कथा साधी आहे. पाठीला दप्तर लावलेल्या एका शाळकरी मुलीला पेलाभर पाणी दिले जाते. ते तिने एका मुळ्याला घालायचे असते. (जपानीत मुळ्याला दाइकोन म्हणतात, म्हणून संमेलनाच्या चित्रपटात मुळा.) वाटेत यंत्रमानव, राक्षस आणि अवकाशयाने तिच्यावर चालून येतात. ती सगळ्यांना पुरून उरते आणि राहिलेले पाणी सुकलेल्या मुळ्याला घालते. मुळ्याचे अवकाशयान होते आणि ती त्याची कप्तान. चालून येणाऱ्यांमध्ये जपानी आणि परदेशी विज्ञानपटांतील ओळखीचे चेहरे भरपूर असल्याने सभागृहातील रसिकांना तो आपलाच चित्रपट वाटला. ॲनिमेशनकार ओसामु तेझुका यांनी तो पाहून, यात पुष्कळ पात्रे आहेत, पण नसलेलीही काही आहेत, अशा अर्थाचे मत दिल्याचे सांगतात. तेझुकांची स्वतःची पात्रे राहून गेल्याचे मंडळींच्या मागाहून ध्यानात आले.

बेत इथेच संपायला हवा होता. तो संपला नाही याची कारणे दोन. एक म्हणजे चित्रपटाने डोक्यावर कर्ज केले. ते फेडण्यासाठी चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट आणि ८ मिमी प्रती विकायला काढल्या, आणि त्यांना मागणी इतकी आली की पुढच्या चित्रपटासाठी पैसा हाती राहिला. दुसरे कारण अधिक मोलाचे : एकत्र काम करायला शिकलेली माणसे पांगायला तयार नव्हती. त्यांनी 'डायकॉन फिल्म' या नावाने खऱ्या नटांचे हौशी विनोदी वीरपट काढले. ओकादा आणि ताकेदा यांनी १९८२ मध्ये ओसाकात 'जनरल प्रॉडक्ट्स' हे विज्ञानकथाविषयक वस्तूंचे दुकान उघडले. आन्नो आणि यामागा यांना 'मॅक्रॉस' या दूरदर्शन मालिकेत काम मिळाले आणि व्यावसायिक स्टुडिओ आतून पाहता आला.

ते अनुभव घेऊन मंडळी १९८३ च्या संमेलनासाठी पुन्हा एकत्र आली. योशियुकी सादामोतो आणि माहिरो माएदा हे पुढे नामवंत झालेले चित्रकारही या वेळी होते. 'डायकॉन ४' १६ मिमी फिल्मवर आहे. आधी पहिल्या चित्रपटातील प्रसंग नव्याने रेखाटून येतात. मग तीच मुलगी मोठी होऊन, सशाच्या वेषात, तलवारीवर उभी राहून आकाशात झेपावते. शहर उद्ध्वस्त करणारा स्फोट चेरीच्या पाकळ्यांच्या वादळात मिसळतो. आन्नोंच्या हाताची ताकद या काही सेकंदांत जितकी दिसते तितकी त्या काळच्या अनेक व्यावसायिक मालिकांतही दिसत नाही. त्यामागचे कष्ट मात्र गौरवाने सांगण्यासारखे नाहीत. वातानुकूलन नसलेल्या इमारतीला रात्री कुलूप लागे आणि आतली मंडळी सकाळपर्यंत विनावेतन काम करत. तरुणांच्या हौसेवर उभ्या राहिलेल्या ॲनिमेशन व्यवसायात ही सवय पुढेही टिकली, हे नोंदवायलाच हवे.

२४ डिसेंबर १९८४ रोजी गायनॅक्सची स्थापना झाली. तीही एकाच कामापुरती : 'रॉयल स्पेस फोर्स' हा चित्रपट पुरा करायचा आणि कंपनी गुंडाळायची. बांदाई या खेळणी कंपनीपुढे मांडलेली मूळ कल्पना थेट व्हिडिओवर आणायच्या लहान चित्रपटाची होती. चार मिनिटांचा नमुना पाहून बांदाईचा विश्वास बसला आणि योजना फुगत जाऊन अंदाजपत्रक प्रसिद्धीखर्चासह ८० कोटी येनपर्यंत पोहोचले. दिग्दर्शक यामागाच होते आणि संगीताची धुरा र्‍यूइची साकामोतो यांच्याकडे होती. १४ मार्च १९८७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला, पण त्या वेळी खर्च निघाला नाही. कर्जामुळे कंपनी बंद करता येईना, म्हणून पुढची कामे घेतली गेली. १९८८ मध्ये आन्नोंनी दिग्दर्शित केलेली 'गनबस्टर' ही थेट व्हिडिओवर आलेली मालिका निघाली आणि १९९५ मध्ये 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' ही दूरदर्शन मालिका. कर्ज झाले म्हणून काम आणि काम वाढले म्हणून पुन्हा कर्ज, हे चक्र ओकादांच्या घरातील खोलीतच सुरू झाले होते. पुढे आन्नोंसह अनेक जण बाहेर पडले आणि २०२४ मध्ये गायनॅक्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

मूळ लघुपटांचे अधिकृत व्यावसायिक प्रकाशन मात्र कठीणच राहिले. दुसऱ्यांची पात्रे आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या ब्रिटिश रॉक बँडचे 'ट्वायलाइट' हे गाणे विनापरवाना वापरलेले होते. चार भिंतींआडच्या संमेलनात त्याचा विचार कोणी केला नव्हता. १९८० च्या दशकात निघालेली लेसरडिस्क (चित्रपट साठवणारी मोठी तबकडी) आज संग्राहकांकडची दुर्मीळ वस्तू आहे. २००५ मध्ये फुजी वाहिनीवरील 'देन्शा ओतोको' या मालिकेने तेच गाणे घेऊन 'डायकॉन ४' ला वाहिलेल्या मानवंदनेने आपली शीर्षकचित्रे सजवली.