बुडख्यावर आधी कोण पोहोचतं?

पाइनचं झाड कापलं की मागे ताजा, डिंकाने चिकट झालेला बुडखा उरतो. युरोपातल्या जंगलांत नेमक्या अशा बुडख्यांवर हेटेरोबेसिडियन नावाची बुरशी टपलेली असते. तिचे बीजाणू वाऱ्यावरून येऊन कापल्या जागी रुजतात, बुरशी मुळांत उतरते आणि जिथे मुळाला मूळ लागतं तिथून शेजारच्या जिवंत झाडात शिरते. ते झाड बुंध्यातून कुजत जातं. या रोगापायी युरोपात दरवर्षी सुमारे ८० कोटी युरोंचं नुकसान होतं, असा अंदाज आहे.

केंब्रिजचे संशोधक जॉन रिशबेथ यांनी पाहिलं की, फ्लेबिऑप्सिस जायगँटिया ही बुरशी ज्या बुडख्यावर आधी बसते तिथे हेटेरोबेसिडियनला थारा मिळत नाही. तीही लाकूड कुजवणारीच, पण तिचा ओढा मेलेल्या लाकडाकडे. ती मुद्दाम बुडख्यांवर लावण्याचे प्रयोग रिशबेथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. आता तिचे बीजाणू पाण्यात कालवून, झाड पडताक्षणी फवारतात. त्यात निळा रंग घालतात, म्हणजे बुडख्याचा कुठला कोपरा कोरडा राहिला ते लगेच कळतं. शेणखतात ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशांना रोखणारी बुरशी मिसळणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातलं मर्म सांगावं लागणार नाही.

मला मात्र पुढचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. फिनलंडचं ‘रॉटस्टॉप’ हे फवारणीचं तयार उत्पादन या बुरशीच्या एकाच वाणापासून बनतं. स्प्रूस या पाइनसारख्याच सूचिपर्णी झाडाच्या एका ओंडक्यावर सापडलेला हा वाण असंख्य बुडख्यांवर पसरला, तर रानातल्या मूळ विविधतेचं काय?

बुरशीचे दोन नमुने एकाच वाणाचे आहेत का, याचा पहिला अंदाज साध्या काचेच्या बशीत येतो. ते शेजारी-शेजारी वाढवायचे. एकच असले तर पांढरे धागे एकमेकांत मिसळून जातात. वेगळे असले तर मधोमध रेषा उमटते, दोन शेतांमधल्या बांधासारखी. डीएनए तपासल्यावर आणखी खोलातलं दिसलं: युरोपातले नमुने एकमेकांच्या बरेच जवळचे, उत्तर अमेरिकेतले मात्र स्पष्टपणे वेगळे. म्हणून फिनलंडचा वाण अटलांटिकपार नेऊन फवारू नये, असं माझं ठाम मत आहे.

विविधतेचा रोकडा उपयोगही आहे. काही वाण भराभर वाढतात, काही भरपूर बीजाणू देतात, काही स्प्रूसच्या लाकडात नेटाने शिरतात. स्वीडनने आपल्याच जंगलांतले नमुने पारखून ‘रॉटस्टॉप एस’ निवडला, तो या फरकांच्या जोरावर.