ब्रिज की इम्प्लांट? रिकाम्या जागेआधी शेजारचे दात बघा

दात काढून झाला, जखम भरली, की पुढचा प्रश्न ठरलेलाच, आता त्या जागी काय बसवायचं. काढता-घालता येणारी कवळी बऱ्याच जणांना नको असते, मग "फिक्स दात बसवून घ्या" असं कुणीतरी सांगतं आणि खरा गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण फिक्स दात म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी बसवल्या जातात, एक ब्रिज आणि दुसरं इम्प्लांट. दोन्ही रात्री काढून ठेवावे लागत नाहीत, दोन्हीवर वरून सिरॅमिकची किंवा झिरकोनियाची पांढरी कॅपच दिसते, त्यामुळे आपल्या तोंडात यातलं नक्की काय आहे हे कित्येकांना सांगता येत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसत असले तरी हिरडीखाली आणि शेजारच्या दातांवर फार मोठा फरक आहे.

ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चारही बाजूंनी आणि वरून घासून बारीक करतात, जागेप्रमाणे १ ते २ मिलिमीटर, आणि त्यांच्यावर कॅप बसवतात. मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो, म्हणजे तीन दातांचा एकच सलग पीस लॅबमधून येतो आणि सिमेंटने चिकटवला जातो. मधल्या दाताला मूळ नाही, तो हिरडीवर नुसता टेकलेला असतो आणि त्याच्यावर येणारा सगळा दाब शेजारच्या दोघांची मुळं उचलतात.

इम्प्लांटमध्ये शेजारच्यांना हातही लागत नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब, हाड त्याला धरेपर्यंत थांबतात, मग त्यावर एक जोड आणि जोडावर कॅप. हाड टायटॅनियमला असं घट्ट धरतं हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५२ च्या सुमाराला, तेही दातांवर काम करताना नाही, सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना म्हणून. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटच्या जबड्यात इम्प्लांट बसवले आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोपर्यंत ते चालू होते. म्हणजे ही काही काल-परवा निघालेली फॅशन नाहीये.

आता दोन्हीतलं निवडायचं कसं, तर बहुतेक लोक रिकाम्या जागेकडे बघत बसतात आणि माझं म्हणणं असं आहे की आधी शेजारचे दोन दात बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे.

समजा शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत, कीड नाही, फिलिंग नाही. अशा दाताला पूर्ण कॅपसाठी घासलं तर हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागातला साधारण ६० ते ७० टक्के भाग जातो, आणि एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. शिवाय घासताना आतल्या नसेला जो त्रास होतो तो कधी कधी वर्षांनंतर बाहेर येतो, ब्रिजचा आधार असलेल्या जिवंत दातांपैकी दहा वर्षांत साधारण दहात एकाची नस मरते असं जुन्या केसेसच्या एकत्रित आकड्यांमधून दिसतं, मग त्याच कॅपला भोक पाडून रूट कॅनाल करा किंवा ब्रिजच तोडा. एका गेलेल्या दातासाठी दोन चांगले दात पणाला लावायचे हे मला पटत नाही, आणि इम्प्लांट शक्य असताना कुणी ते सहज सुचवत असेल तर कारण विचारायलाच पाहिजे.

पण चित्र उलटं असेल तर उत्तरही उलटं. शेजारच्या दातांत मोठमोठी फिलिंग आहेत, किंवा त्यांना आधीच कॅप आहेत आणि त्या बदलायला आल्यात, तर त्या दातांना कॅप तसंही लागणारच आहे, मग त्याच कामात मधली जागा भरून निघत असेल तर ऑपरेशन कशाला करायचं? इथे ब्रिज हा दुय्यम पर्याय नाही, तोच योग्य पर्याय असू शकतो. फक्त ते शेजारी हलत असतील, हिरड्यांच्या आजाराने त्यांच्याभोवतीचं हाड खाली गेलेलं असेल, तर त्यांच्यावर तिसऱ्याचं ओझं टाकू नये. रूट कॅनाल झालेला दात आधार म्हणून चालतो, पण त्याचा वरचा भाग किती शाबूत आहे हे बघून, कारण असा दात मुळापाशी तुटला तर पूर्ण ब्रिज जातो. आणि सगळ्यात शेवटची दाढ गेली असेल तर तिच्या मागे दातच नाही, तिथे नेहमीचा ब्रिज बसणार कशावर, पुढच्या दातावरून मागे लोंबता दात काढतात पण ते प्रकरण कमी टिकतं.

उरलेलं अर्धं उत्तर हाडात आहे. दात गेला की त्याला धरून ठेवणाऱ्या हाडाला काम उरत नाही आणि ते आटायला लागतं, तेही पटकन. मागच्या दातांच्या बाबतीत वर्षभरात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून ज्यांचा दात अजून काढायचाय त्यांनी काढायच्या आधीच विचारावं, की इथे पुढे इम्प्लांट करायचं झालं तर काढताना खड्ड्यात बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाचा भराव, भरून ठेवायचा का. हा प्रश्न चार वर्षांनी विचारून फारसा उपयोग नाही.

ब्रिजखालचं हाड आटतच राहतं, त्याला थांबवणारं तिथे काही नाही. मागच्या दाढेत ते दिसत नाही पण समोरच्या दातात काही वर्षांनी खोट्या दाताच्या आणि हिरडीच्या मधे काळी फट दिसायला लागते, हसताना नेमकी तीच नजरेत येते. इम्प्लांटभोवती हाड बऱ्यापैकी टिकतं, पण मुळात स्क्रूला धरायला पुरेसं हाड लागतं. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, खालच्या दाढांखालून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, आणि स्क्रूचं टोक त्या नसेपासून साधारण २ मिलिमीटर लांब ठेवायचा नियम आहे. साध्या एक्सरेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही, म्हणून सीबीसीटी नावाचा थ्री-डी स्कॅन काढतात.

वेळेचा फरक सरळ आहे. ब्रिज दोन-तीन आठवड्यांत तोंडात, इम्प्लांटला बहुतेक वेळा तीन ते सहा महिने, ग्राफ्ट असेल तर त्याहून जास्त. त्याच दिवशी स्क्रू आणि त्याच दिवशी दात हेही होतं, पण स्क्रू पहिल्याच दिवशी घट्ट बसला असेल तरच आणि तेव्हाही तो दात सहसा तात्पुरता असतो, त्याला चावण्याच्या दाबापासून सांभाळायचं असतं. ऑपरेशन म्हटलं की लोक घाबरतात पण एका स्क्रूचं काम नुसत्या लोकल भुलीत होतं आणि दुखणं बऱ्याच जणांना दात काढण्याच्या आसपासच वाटतं.

चावताना काय जाणवतं याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. आपला खरा दात हाडात थेट रोवलेला नसतो, मधे सुमारे ०.२ मिलिमीटरचा तंतूंचा पातळ थर असतो, गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरसारखा, आणि दातांत बारीक खडा आला की क्षणात कळतं ते याच थरामुळे. ब्रिजमध्ये आधाराच्या मुळांभोवती तो शाबूत राहतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटतं, तो थर नाही, म्हणून दाब जास्त पडतोय हे उशिरा कळतं. ज्यांना झोपेत दात खायची सवय आहे त्यांच्यात इम्प्लांटच्या कॅपचा टवका उडणं, जोड धरणारा आतला बारीक स्क्रू सैल होणं हे जास्त होतं, त्यांनी नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर घालायचं कव्हर, वापरायचंच.

इम्प्लांट आयुष्यभर टिकतं हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, त्याच्याकडे जरा नीट बघू. हाडातला स्क्रू दहा वर्षांनी सुमारे ९५ टक्के लोकांत जागेवर असतो, हे खरंच चांगलं आहे. पण वरची कॅप धरून हिशोब केला तर दहा वर्षांनी इम्प्लांटवरची कॅप आणि साधा ब्रिज हे दोन्ही ९० टक्क्यांच्या आसपासच येतात, म्हणजे टिकण्याच्या बाबतीत फरक सांगतात तेवढा मोठा नाही. फरक आहे तो बिघडण्यात. ब्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा कॅपच्या कडेखाली आधाराच्या दाताला कीड लागून, आणि तो गेला की एकाऐवजी दोन-तीन दातांचा प्रश्न उभा राहतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजतं आणि दुखत नसल्याने कळत नाही, पण शेजारचे दात बऱ्याचदा वाचतात.

म्हणूनच सफाईला दोन्हीकडे सुट्टी नाही. ब्रिजच्या तीन दातांमधून साधा फ्लॉस वरून जातच नाही कारण ते जोडलेले असतात, कडक टोकाचा सुपरफ्लॉस बाजूने, मधल्या दाताच्या खालून ओढून काढावा लागतो, रोज. इम्प्लांटभोवती फटीच्या मापाचा छोटा इंटरडेंटल ब्रश. ब्रश करताना तिथून रक्त यायला लागलं तर "होईल बरं" म्हणून सोडून देऊ नका.

इम्प्लांट सगळ्यांना चालतंच असं नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत फेल जायचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट दिसतं. डायबेटिस आटोक्यात असेल तर हरकत नाही, आटोक्यात नसेल तर आधी साखर. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं घेतलेली असतील, किंवा जबड्याला रेडिएशन झालेलं असेल, तर ते न विचारताच सांगा, फॉर्मवर तशी ओळ असो वा नसो. आणि वाढत्या वयातल्या मुलांना इम्प्लांट नको, कारण जबडा वाढत राहतो, स्क्रू तिथेच राहतो आणि तो दात हळूहळू आत-वर अडकल्यासारखा दिसायला लागतो. समोरचा एकच दात गेलेल्या अशा मुलांसाठी मेरिलँड ब्रिज छान पडतो, शेजारच्या दाताला मागून एक पातळ पंख चिकटवायचा, घासाघाशी जवळजवळ नाहीच.

तीन-चार दात सलग गेले असतील तर ब्रिज की इम्प्लांट हा प्रश्नच तेवढा कडक राहत नाही, दोन इम्प्लांटवर तीन-चार दातांचा ब्रिज बसतो. आणि काहीच न बसवणं हाही पर्याय आहे. शेवटची एखादी दाढ नसताना बाकीच्या दातांवर नीट चावता येत असेल, तिच्यासमोरची दुसऱ्या जबड्यातली दाढ त्या रिकाम्या जागेत सरकत नसेल, तर लक्ष ठेवून थांबता येतं.

आता डॉक्टर निवडायचं. बोर्डावर "कॉस्मेटिक डेंटिस्ट" किंवा "इम्प्लांटॉलॉजिस्ट" लिहिलेलं असतं, पण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मान्यता असलेल्या डेंटल स्पेशालिटींच्या यादीत यातलं एकही नाव नाही, गेलेले दात परत बसवण्याचं जे रीतसर शिक्षण आहे ते प्रोस्थोडोंटिक्सचं. याचा अर्थ बाकी कुणाला येत नाही असा मुळीच नाही, अनुभवी जनरल डेंटिस्ट हे काम उत्तम करतात, फक्त बोर्ड वाचून भुलू नका. विचारा, की स्क्रू कोण बसवणार आणि कॅप कोण, दोघं वेगळे असतील तर आधी एकत्र बसून प्लॅन करतात का. स्वतःच्या केसेसचे फोटो मागा, आणि बसवल्या दिवशीचे नकोत, तीन-चार वर्षांनंतरचे असतील तर ते, त्यात दातापेक्षा हिरडीची रेघ बघा, शेजारच्या दाताशी जुळते का.

समोरच्या दाताचं काम असेल तर शेड, म्हणजे कॅपचा रंग शेजारच्या दातांशी जुळवून ठरवणं, कधी घेतात यावरून बरंच कळतं. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, त्या वेळी शेड घेतली तर कॅप दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांहून पांढरी पडते. जाणकार डॉक्टर बसल्या बसल्या, भूल द्यायच्या आधी, उजेडात शेड घेतो.

ज्या डॉक्टरने दातांभोवती हिरड्यांची खोली मोजली नाही, शेजारच्या दातांचा एक्सरे बघितला नाही आणि थेट एकच पर्याय सांगितला, तिथे दुसरं मत घ्यायचंच. वाचण्यासारखा दात काढून त्या जागी इम्प्लांट घालू असं कुणी म्हणत असेल तर नक्कीच, कारण रूट कॅनाल आणि कॅप करून दहा-पंधरा वर्षं जाणारा आपला दात कुठल्याही स्क्रूपेक्षा भारी आहे, आणि स्क्रूचा पर्याय तेव्हाही शिल्लक असतोच.

इम्प्लांट ठरलंच तर कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने कसणार हे विचारून ठेवा. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथे सूज येते, स्क्रूची कॅप गरज पडली की उघडता येते. आणि काम झाल्यावर इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी आणि लॉट नंबर असतो. एका कंपनीचा जोड दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर सहसा बसत नाही, उद्या गाव बदललं किंवा ते क्लिनिक बंद झालं आणि जोड धरणारा आतला बारीक स्क्रू सैल झाला, तर नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतं. त्याचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा.